तांबोळी सरांनी जपलेले समुद्राचे विरजण

डॉ. शकील इब्राहिम तांबोळी यांना मी पहिल्यांदा पाहिले ते नाशिक-पुणे रस्त्यावरच्या एका पोलीस चौकीत. मी तेव्हा संगमनेरला एका दैनिकाचा नवखा वार्ताहर होतो. दूधभेसळीचा टँकर पकडला आहे, चारच्या आत दहा ओळी हव्यात, असा कार्यालयातून निरोप आला. जाऊन पाहतो तर मुंबईहून रिकामा परतणारा दुधाचा टँकर कडेला लावलेला आणि चालकाच्या केबिनमधून उतरवलेले पाण्याचे निळे जार हवालदारांच्या टेबलाशेजारी ओळीने मांडलेले. चालक रंगनाथ सातपुते बाकावर बसून तंबाखू मळत होते.

"दुधात घालायलाच आणलंय ना पाणी?" हवालदारांनी विचारले.

"साहेब, दुधात घालायला पानी मुंबईहून आणीन का मी? आपल्या प्रवरेला काय कमी हाय?"

तेवढ्यात एक उंच, सडपातळ गृहस्थ स्कूटरवरून आले. हातात डस्टर तसाच होता, म्हणजे वर्ग अर्धा सोडून निघाले असावेत. जार माझे आहेत, असे त्यांनी सांगितले. त्यांत काय आहे, असे विचारल्यावर म्हणाले, "समुद्र." हवालदारांना ती थट्टा वाटली. तेव्हा सरांनी एका जाराचे बूच काढले, बुचात घोटभर पाणी ओतले आणि त्यांच्यापुढे धरले. हवालदारांनी चाखले आणि बाहेर जाऊन थुंकून आले.

"हे दुधात घातलं तर समोरच्या चहावाल्याला दुकान बंद करावं लागेल," सर म्हणाले.

"पण एवढ्या लांबून खारं पाणी आणून करता काय, मास्तर?"

"काही जीव पाळतो त्यात."

हवालदारांनी जार उन्हाकडे धरून पाहिला. "दिसत तर नाहीत."

"मलाही दिसत नाहीत," सर म्हणाले.

भेसळ नव्हती, त्यामुळे माझी बातमी तीन ओळींची झाली आणि ती छापलीही गेली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी सरांच्या महाविद्यालयात गेलो. तेव्हापासून मी तिथे जातो आहे. या महिन्यात सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आहे. गौरवग्रंथात आनंदाने लिहायचे असते हे मला ठाऊक आहे. आयुष्यभर ठरलेल्या वेळेत ठरलेला मजकूर दिला. हाही देत आहे. आनंद त्यात किती उतरेल, याची मात्र हमी देता येत नाही.

सरांची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची बिनखिडकीची खोली. इतर विभागांना नको असलेली ती खोली सरांनी मागून घेतली होती, कारण त्यांना अंधारच हवा होता. आत एक लाकडी कपाट, त्यावर आतून-बाहेरून काळे कापड, आणि कपाटात काचेच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीत स्वच्छ, नितळ पाणी. मी म्हणालो, "यात काहीच नाही." सर म्हणाले, "असं सगळेच म्हणतात. बसा."

मग त्यांनी मला जे सांगितले ते मी इथे साध्या शब्दांत मांडतो, कारण या ग्रंथाच्या वाचकांत सरांचे भाजीवाले आणि दूधवालेही आहेत. समुद्रातले मासे, झिंगे, मरून कुजणारी शेवाळे यांच्यापासून थोडा थोडा अमोनिया सुटतो. आपल्या गोठ्यात नाकाला झोंबतो, तोच हा अमोनिया. किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रात मात्र तो इतका विरळ असतो, की तो मोजताना उपकरणांचीही दमछाक होते. तेवढ्यावर जगणारे काही जीव आहेत. त्यांना आर्किया म्हणतात. दिसायला ते जिवाणूंसारखे, पण त्यांचे कूळ वेगळे. ते अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जीव त्याचे नायट्रेट करतात, आणि ते खत पुन्हा वरच्या उजेडातल्या शेवाळांना मिळते. समुद्राचे शेत असे चालते. हे काम जिवाणूच करत असतील, असे शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ वाटत होते. खुल्या समुद्रात ते मुख्यतः या आर्कियांचे आहे, हे कळायला फार उशीर लागला, कारण ते कोणाच्या भांड्यात वाढायलाच तयार नव्हते.

"का तयार नव्हते?" मी विचारले.

"लोक त्यांना जेवायला फार घालत होते," सर म्हणाले. "यांना उपाशी ठेवावं लागतं. रिकाम्या पोटी राहण्यात यांचा हातखंडा. भरल्या ताटावर बसवलं की मरतात."

हे वाक्य मी त्या वेळी गमतीने टिपून घेतले होते. पुढे ते असे समोर येईल, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

सरांच्या बाटल्यांतले आर्किया अरबी समुद्रातले. एका संशोधन जहाजावर शिक्षकांसाठी राखलेली एक जागा रिकामी राहिली आणि सरांना बोलावणे आले. संगमनेरच्या माणसाने समुद्र पाहिला होता तो सहलीत, किनाऱ्यावर भेळ खात. जहाजावर पहिले काही दिवस ते आडवेच होते. "उलट्या थांबल्या तेव्हा उठलो," ते सांगत. "आजूबाजूला पाहिलं, जमीन कुठंच नाही. तेव्हा वाटलं, आता कामाला लागायला हरकत नाही." सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा खोलीवरचे पाणी त्यांनी आपल्या बाटल्यांत भरले, काळ्या कापडात गुंडाळले आणि गोव्याहून एसटीने मांडीवर घेऊन आले. शेजारच्या बाईंनी कापडाखाली काय आहे असे विचारल्यावर त्यांनी "बाळ झोपलंय" असे सांगितल्याची कथा विद्यार्थ्यांत प्रसिद्ध आहे. सर तिचा इन्कार करतात, पण जोर लावून नाही.

त्या पाण्यातून हे जीव वेगळे करायला वर्षे गेली. पद्धत विरजणाचीच. जुन्या बाटलीतले थोडे पाणी नव्या, स्वच्छ केलेल्या समुद्राच्या पाण्यात घालायचे, त्यात कणभर अमोनिया सोडायचा आणि अंधारात ठेवायचे. फरक असा, की दही लागलेले दिसते. इथे पाणी जसेच्या तसे राहते. जीव आहेत की नाहीत, हे कळायचा मार्ग एकच. थोडे पाणी छोट्या नळीत घ्यायचे आणि दोन औषधांचे थेंब टाकायचे. नायट्राइट तयार झाले असेल तर पाणी गुलाबी होते. कोणीतरी जेवले आहे, याची तेवढीच खूण. रंग चढला की वेळ न दवडता पुढच्या बाटलीत विरजण लावायचे, कारण त्यांना कणभर पुरते, पण तेही पूर्ण संपून ते तसेच राहिले तर मरतात. मला पहिल्यांदा तो रंग सरांनी दाखवला तेव्हा मी म्हणालो होतो, "गुलाबाच्या सरबतासारखा आहे." शमीमभाभींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, हे ऐकून मला सांगितले, "भाऊ, घरी सरबत केलं की हे पेला उजेडात धरून बघतात. पाहुण्यांसमोर लाज वाटते मला."

हा नेम सरांकडे कुठून आला, ते त्यांच्या वडिलांना दुकानात पाहिलेल्यांना कळेल. बाजारपेठेत इब्राहिमचाचांचे विड्याच्या पानांचे दुकान होते. पानांची चवड ओल्या गोणपाटाखाली ठेवायची आणि रोज सकाळी प्रत्येक पान हातात घेऊन फिरवायचे. डागी पान काढायचे, बाकीची उलटून परत रचायची. एक दिवस चुकला तर एका पानाची कुज दुसऱ्याला लागते. चाचा ईदच्या दिवशीही नमाजाआधी पाने फिरवून येत. सर तिथे बसून अभ्यास करत. त्यांनी बाटल्यांसाठी शुक्रवार ठरवला. दुपारची नमाज झाली की ते सरळ जिन्याखालच्या खोलीत जात. मुलीच्या लग्नाचा दिवस शुक्रवारी आला तेव्हा नवरदेवाकडची मंडळी मांडवात, आणि वधूपिता कपाटापाशी. व्याही रागावले होते. नंतर ते स्वतःच गुलाबी रंग पाहायला आले आणि म्हणाले, "एवढ्यासाठी?" सर म्हणाले, "होय, एवढ्यासाठीच."

लागणारे पाणी रंगनाथ सातपुते आणत. दूध घेऊन मुंबईला जायचे, बंदरावरच्या ओळखीच्या मच्छीमाराकडून खोल समुद्रात भरलेले जार घ्यायचे आणि परतताना केबिनमध्ये टाकायचे. त्याबद्दल त्यांनी कधी काही घेतले नाही. सरांनी त्यांच्या मुलीला दहावीपासून एमएस्सीपर्यंत रसायनशास्त्र शिकवले, तेही कधी बोलून दाखवले नाही. दोघे भेटले की एकमेकांची टर उडवत. "सर, तुमच्या जित्राबाला पानी आणून आणून माजी गाडी गंजली," रंगनाथ म्हणत. "गाडी नाही रंगनाथ, तुमचे दात गंजले, तंबाखूनं," सर म्हणत. आता रंगनाथांचे गुडघे गेले आहेत आणि टँकर कुठे किती वेळ थांबला हे कंपनीला कार्यालयात बसून दिसते. पाणी येणे केव्हाच बंद झाले आहे. शेवटचे काही जार सरांनी पुरवून पुरवून वापरले.

सर केवळ आपल्या कपाटात रमले, असे कोणी म्हणू नये. मातीतही या आर्कियांचे नातेवाईक असतात आणि आपण टाकलेल्या युरियाचे नायट्रेट करण्यात त्यांचाही हात असतो. ते पाण्याबरोबर खाली जाते आणि विहिरीत उतरते. सरांनी गावोगावी जाऊन हे सांगितले. राहुरीजवळच्या एका गावात मी त्यांच्याबरोबर होतो. मारुतीच्या पारावर सभा होती. एका शेतकऱ्याने विचारले, "सर, ते दर्यातलं किडं आमच्या काय कामाचं?"

"तुमच्या काही कामाचं नाही," सर म्हणाले. "पण तुमच्या विहिरीत जे उतरलंय ते त्यांच्या भावकीचं काम आहे. त्यांना कामाला तुम्हीच लावलंय."

लोक हसले. सरांनी विहिरीचे पाणी फुकट तपासून देतो म्हणून सांगितले, बाटल्याही वाटल्या. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्या बाटल्यांत रॉकेल आणि गोडेतेल भरलेले पाहिले. सरांनी त्यावर काही टीका केली नाही. "बाटल्या चांगल्या होत्या," एवढेच म्हणाले आणि पुढच्या गावाला निघाले. त्या गावातली विहीर आज कोणी पिण्यासाठी वापरत नाही. पाण्याचा जार विकत येतो. युरिया पूर्वीइतकाच पडतो. यात सरांचा पराभव आहे की आपला, हे वाचकांनी ठरवावे; तो झाला आहे, एवढे मला दिसते.

आता ज्या भागाबद्दल लिहायचे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो, तो भाग. प्रा. वैशाली कडलग यांनीच मला सांगितले, "लिहा. नाव घालून लिहा. नाहीतर लोक म्हणतील आपोआप झालं." त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.

वैशालीताई सरांच्या शेवटच्या वर्गातल्या विद्यार्थिनी. सर निवृत्त झाल्यावर खोली काढून घ्यायचे घाटत होते. सरांनी विनंती करून ती ठेवून घेतली, आणि वैशालीताई त्याच महाविद्यालयात शिकवू लागल्या तेव्हा त्यांच्या रूपाने कपाटाला दुसरा माणूस मिळाला. त्या तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे वर्गात जितके तास शिकवले तितकीच त्यांची नोकरी. कपाटापाशी घालवलेला वेळ कोणाच्याच हिशेबात नाही. तरी त्या प्रत्येक शुक्रवारी येत. सर त्यांना "ए वैशाली" म्हणून हाक मारतात, आणि त्यांचा हात आपल्यापेक्षा स्थिर आहे, असे अभिमानाने सांगतात.

मागच्या थंडीत सरांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. नाशिकच्या रुग्णालयात ते बरेच दिवस होते. जाताना त्यांनी वैशालीताईंना सगळे समजावून दिले होते. एक गोष्ट राहिली. थंडीत ती खोली गार पडते आणि हे जीव मंदावतात. रंग उशिरा चढतो. तेव्हा काही करायचे नसते, वाट पाहायची असते. सर दर थंडीत स्वतः तिथे असायचे आणि किती थांबायचे ते मनातच ठरवायचे, म्हणून हे सांगण्यासारखे काही आहे असे त्यांच्या लक्षातच आले नाही.

शुक्रवार आला, रंग आला नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. वैशालीताई घाबरल्या. सरांना रुग्णालयात फोन करून विचारायचे, तर घरच्यांनी त्यांच्याशी कामाचे बोलू नका असे बजावलेले. मग त्यांनी तेच केले, जे आपल्या प्रवराकाठी कोणीही केले असते. "माझ्या वडिलांचा ऊस आहे," त्या मला म्हणाल्या. "पान पिवळं पडलं की आम्ही काय करतो? युरिया मारतो. मला वाटलं, उपाशी राहिले असतील बिचारे." त्यांनी अमोनिया वाढवला. रंग आला नाही, तेव्हा आणखी वाढवला. आणि एकाच बाटलीत नाही, सगळ्या बाटल्यांत. एखादी तरी जुन्या मापावर का ठेवली नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "पंगतीत एकालाच कमी कसं वाढायचं?"

उपाशी राहण्याची त्यांची रीत वैशालीताईंना माहीत नव्हती असे नाही. परीक्षेत त्यांनी ती लिहून पूर्ण गुण मिळवले होते. पण समोर कोणी उपाशी आहे असे वाटले, की आपल्या भागातला माणूस पुस्तक बाजूला ठेवतो आणि वाढायला उठतो.

सर घरी आल्यावर डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितले होते. खोली जिन्याखाली आहे, असे म्हणून ते दुसऱ्याच दिवशी रिक्षाने महाविद्यालयात आले. मी बरोबर होतो, कारण शमीमभाभींनी त्यांना एकटे सोडायचे नाकारले. वैशालीताईंनी दारातच सगळे सांगितले. काही लपवले नाही, काही कमी केले नाही. सर स्टुलावर बसले. छातीवर हात ठेवला. मला वाटले टाके दुखत असावेत.

मग ते म्हणाले, "वैशाली, तू त्यांना पोटभर वाढलंस. आपल्याकडे पाहुण्याला तसंच वाढतात. हे पाहुणे कुठले, ते सांगायचं माझं राहिलं."

वैशालीताई रडू लागल्या तेव्हा ते पुढे म्हणाले, "रडायचं तर बाहेर जाऊन रड, बाळा. इथं बाटल्या उघड्या आहेत." आणि त्यांनी नळ्या मागवल्या.

सरांच्या चांगुलपणाबद्दल या ग्रंथात पुष्कळ जणांनी लिहिले असेल. मी ही एकच आठवण देतो. आयुष्यभराचे काम ज्या हातून गेले, त्या हाताला त्यांनी त्याच दुपारी पुन्हा काम दिले.

त्यांनी प्रत्येक बाटलीतला अमोनिया तपासला. घातला होता तेवढा तसाच होता. कोणी शिवले नव्हते. ताट वाढून ठेवलेले आणि पानावर कोणी नाही. मग सरांनी प्रत्येक बाटलीतले थोडे थोडे पाणी शिल्लक राहिलेल्या शेवटच्या जारातल्या पाण्यात घातले, अगदी कमी अन्नावर ठेवले आणि काळे कापड ओढले. थोडे जरी उरले असतील, तर हळूहळू उठतील, असा हिशेब होता. खोली गार पडू नये म्हणून एक छोटा हीटर आणला. थंडी गेली, उन्हाळा आला, रंग आला नाही.

बाहेरही शोध झाला. पूर्वी सरांनी किनाऱ्यावरच्या दोन संस्थांना हे विरजण दिले होते. एका ठिकाणाहून उत्तर आले, की ते पाहणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि पुढचे कोणाला माहीत नाही. दुसऱ्या ठिकाणी गोठवून ठेवलेली कुपी सापडली. ती बर्फात घालून आली, उघडली, लावली. काही उठले नाही. गोठवून पुन्हा जागे होणे या जिवांना सहसा जमत नाही, हे सरांना आधीच माहीत होते. तरी ती कुपी यायची होती तेवढे दिवस ते रोज टपालवाल्याची वाट पाहत फाटकात उभे असत. पुन्हा जहाजावर जाऊन पाणी आणावे, तर अशा प्रकृतीच्या माणसाला जहाजवाले परवानगी देत नाहीत. वैशालीताईंना पाठवा असे सरांनी सुचवले, तर तिथे कायम नोकरीचा दाखला लागतो, आणि तो त्यांच्याकडे नाही.

जगात इतरत्र अशा आर्कियांची विरजणे आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मानवजातीचे ज्ञान संगमनेरच्या एका कपाटावर अडलेले नाही. पण हे आपल्या समुद्रातले, त्या खोलीवरचे, त्या पाण्यातले होते, आणि त्याची पूर्ण ओळख पटवण्याचे काम अर्धेच झाले होते. ते इतरांपेक्षा वेगळे होते का, असे मी सरांना विचारले. ते म्हणाले, "होते असं वाटत होतं. आता वाटण्याला काही किंमत नाही." काय गेले, हेही आपल्याला नीट माहीत नाही. मला यातले हेच सर्वांत जड वाटते.

सत्काराची तयारी सुरू झाली तेव्हा समितीने मला एक काम दिले. सरांच्या कपाटातली एक बाटली समारंभात व्यासपीठावर ठेवायची, त्यावर प्रकाशझोत सोडायचा आणि निवेदकाने तिची माहिती सांगायची, अशी कल्पना होती. मी समितीला म्हणालो, सर हो म्हणणार नाहीत. उजेड या जिवांना सोसत नाही. इतक्या वर्षांत वर्तमानपत्रासाठी मी कितीदा छायाचित्र मागितले, तर सरांनी दर वेळी बंद कपाटाशेजारी उभे राहून काढून घेतले. आमच्या छायाचित्रकाराने एकदा वैतागून विचारले होते, "सर, कपाटाची जाहिरात करायची आहे का?" तरी विचारून पाहा, असे समितीने सांगितले. म्हणून मागच्या शुक्रवारी दुपारी मी गेलो.

सर आणि वैशालीताई आत होते. खोलीच्या दाराला नोटीस लागली आहे. सुट्टीनंतर तिथे झेरॉक्सचे यंत्र येणार आहे. सरांनी नळीत पाणी घेतले. थेंब वैशालीताईंनी टाकले, कारण सरांचा हात आता हलतो. तिघांनी पाहिले. नळीमागे पांढरा कागद धरून पाहिले. पाणी पाण्यासारखेच राहिले. सरांनी नळी स्टँडवर ठेवली आणि मला विचारले, "आज काय काम काढलंत?"

मी समितीचा निरोप सांगितला. प्रकाशझोताचा भाग मी गाळणार होतो, पण सांगून टाकला. 

"ठेवा," ते म्हणाले. "हवी ती न्या. आता उजेडानं त्यांचं काही बिघडणार नाही."

वैशालीताई बाटल्या धूत होत्या. त्यांचा हात थांबला. नळ तसाच वाहत राहिला. मग त्यांनी पुढची बाटली घेतली.

इतक्या महिन्यांत सर त्याबद्दल पहिल्यांदाच असे बोलले. मी बाटली घेऊन निघालो तेव्हा मला वाटले, आता हे दार बंद करतील. पण मागे पाहिले तर सरांनी जुन्या बाटलीतले थोडे पाणी नव्या बाटलीत घातले होते आणि ते वैशालीताईंना सांगत होते, "कापड नीट ओढ. त्या कोपऱ्यातून फट राहते."

"कशासाठी, सर?" मी दारातून विचारले. विचारायला नको होते.

"आज शुक्रवार आहे," ते म्हणाले.

समारंभात त्या बाटलीवर प्रकाश पडेल, टाळ्या पडतील, आणि पाहणाऱ्यांना त्यात नितळ पाणी दिसेल. सरांना शाल मिळेल, श्रीफळ मिळेल, मानपत्र मिळेल. समितीने माझ्याकडून लेखाचा शेवट आशेचा मागितला होता. तो मला देता येत नाही. त्या बाटल्यांत पुन्हा रंग येईल असे मला वाटत नाही, आणि सरांनाही वाटत नाही. झेरॉक्सचे यंत्र आल्यावर कपाट कुठे जाईल, ते अजून ठरलेले नाही. शमीमभाभी म्हणतात, स्वयंपाकघरात फडताळ रिकामे करून देते, खिडकीला गोणपाट लावते.

म्हणून मागणे एवढेच आहे. तांबोळी सरांना चांगली प्रकृती मिळो. छातीतले दुखणे पुन्हा न उठो, हात थोडा स्थिर राहो. थेंब टाकायला वैशालीताई शेजारी असोत. आणि त्या दोघांना अजून पुष्कळ शुक्रवार लाभोत, पाणी गुलाबी न झाले तरी.